खिडकी चार बोटं खाली

माझ्या हातून घडलं ते एवढंच, की गाडीची खिडकी मी चार बोटं खाली केली.

खिडकी खाली करणं हा काही गुन्हा नव्हे. पण लग्नाला महिनाही न झालेल्या सुनेने, सासऱ्यांच्या कोऱ्या करकरीत गाडीत, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, कुणी न सांगता आपल्या बोटाने बटण दाबणं म्हणजे आमच्या ताश्कंदच्या जुन्या गल्लीत जवळजवळ भाषण ठोकल्यासारखंच आहे. त्यात मी न बोलण्याबद्दल प्रसिद्ध. माझं स्थळ सुचवताना मध्यस्थ बाईंनी सांगितलेला पहिला गुण तोच होता. (दुसरा त्यांना पटकन आठवला नव्हता.)

पुढे बसलेले सासरे, म्हणजे ओता, मागे वळले. गाडी चालवणाऱ्या एल्योरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आरशातून पाहिलं. सासूबाईंनी, त्यांना मी ओयी म्हणते, माझ्या कपाळाला हात लावला.

"उकडतंय का?"

मी मान हलवली. नाही.

"मग थंडी वाजतेय?"

थंडी वाजते म्हणून खिडकी उघडणारी सून त्यांनी कुठे पाहिली होती कोण जाणे. मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मानेने देण्यासारखं नव्हतं. बाजारात गाडी थांबताच मी दार उघडलं, खाली उतरले आणि एका मुळेवाल्याच्या सुबक रचलेल्या ढिगाशेजारी काय होतंय ते सगळ्यांना दाखवून दिलं.

गाडीत वास होता. रॉकेल, नवे बूट आणि तापलेला टायर असे तिघे एका खोलीत भाड्याने राहत असावेत, असा वास. घशात उतरायचा आणि तिथेच मुक्काम करायचा. गंमत अशी, की त्या वासाबरोबर मला माहेरची आठवण यायची. डोळे भरून यायचे आणि मळमळायचं, दोन्ही एकदमच. आधी रुमाल कुठे लावावा, हे कळायचं नाही.

पण हे सांगायचं कुणाला? ओता आयुष्यभर शहराची ट्रॉलीबस चालवत होते. साऱ्या ताश्कंदला त्यांनी कामावर नेलं आणि घरी आणून सोडलं, पण स्वतःची गाडी त्यांना मिळाली ती आमच्या लग्नाच्या वर्षी. गाडी अर्थातच पांढरी. कारखान्यातून येताना सीटवर जे प्लास्टिक चढवलेलं होतं, ते तसंच होतं. उन्हात बसलं, की पिशवीत विसरलेल्या काकडीसारखं वाटायचं. पायाखाली रबरी मॅट, मॅटवर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुनं वर्तमानपत्र. आमचे पाय गाडीला कधी लागलेच नाहीत. "पहिला नातू बसेल तेव्हा काढू प्लास्टिक," असं ओतांनी गल्लीसमोर जाहीर केलं होतं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. जणू प्लास्टिक मीच अडवून ठेवलंय.

मुळ्याच्या प्रसंगानंतर मी गाडीत नाकाला रुमाल लावून बसायला लागले, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने वासाचा शोध सुरू केला. म्हणजे एल्योरने आधी वासावर वास चढवला. आरशाला सफरचंदाच्या वासाचं झाड लटकवलं, मग समुद्राच्या वासाची बाटली आणली. (आमच्यापासून समुद्र इतका लांब आहे, की तो खरोखर तसा वास मारतो का, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं.) आता गाडीत पाच जण भाड्याने राहू लागले.

मग त्याला गॅसची शंका आली. आमच्याकडच्या पुष्कळ गाड्यांसारखीच ही पण गॅसवर चालते, टाकी डिकीत असते. गॅसवाल्या गॅरेजमध्ये तिथल्या माणसांनी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहिला. कुठे गळती असली तर फुगे येतात. एकही फुगा आला नाही. मेकॅनिकने आत डोकं घालून हुंगलं आणि सांगितलं, की गाडी दुधासारखी आहे, नाक बदला.

हे ऐकून ओता खूश झाले. वास नाहीच, असं त्यांचंही म्हणणं होतं. असलाच तर तो नवेपणाचा आहे, आणि नवेपणाच्या वासाला नाक मुरडतात ते जुन्या गाड्यांचे मालक. एल्योर म्हणाला, "मी रोज एकटा कामाला जातो ना, मला तर अजिबात येत नाही." हे म्हणताना तो माझ्याकडे न बघता चहाच्या पेल्याकडे बघत होता. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ काढला नाही. नव्या नवरीला नवऱ्याचं तोंड वाचता येत नाही, अजून अक्षरओळखच चाललेली असते.

माझ्या नाकाचा मला फार अभिमान. आई मी लहान असतानाच गेली. काम्चिकच्या घाटापलीकडे, चुस्तला, माझ्या माहेरी, घरात बाबा, मी आणि आमचं दुकान. घरातलं दूध नासलंय का, तेल शिळं आहे का, हे बाबा मला हुंगायला सांगायचे. तेव्हा मी ठरवलं, की या वासाचा छडा आपणच लावायचा, न बोलता. सीटचं प्लास्टिक हुंगलं. समुद्राची बाटली झग्याखाली लपवून घरात आणली आणि मोरीत ओतली. (मोरीला दोन दिवस समुद्राचा वास येत होता, ओयींनी नळवाल्याला बोलावलं.) हवेच्या झडपांना रुमाल लावून तो घरी आणून हुंगला. निष्कर्ष निघाला, की दोषी प्लास्टिकच. शास्त्रशुद्ध निष्कर्ष. फक्त तो मांडण्यासाठी तोंड उघडावं लागणार होतं.

मी उघडायच्या आत ते हाजर-खोलांनी उघडलं. या आमच्या शेजारीण, गल्लीतल्या सगळ्यांच्या मावशी. ओयींनी त्यांना सांगितलं, की वास फक्त सुनेला येतो, पोराला येत नाही, मेकॅनिकला येत नाही. खोलांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तडक घरी गेल्या. परत आल्या त्या हिरव्या कच्च्या जर्दाळूंचा वाडगा घेऊन. वसंतात ही आंबट फळं आमच्याकडे कुणाला हवीहवीशी वाटतात, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे.

मला ती लहानपणापासून आवडतात. मी अख्खा वाडगा संपवला.

"झालं," खोला ओयींना म्हणाल्या. "गाडी विकू नका. पाळणा घ्या."

ओयी मला मिठी मारून रडल्या. मी सांगायला तोंड उघडलं, पण तोंडात जर्दाळू होता. आणि तो गिळेपर्यंत त्या माझी बहीण, मैत्रीण आणि आई सगळं झाल्या होत्या. दवाखान्यात जाऊन विचारू या, असं एल्योर म्हणाला. इतक्या लवकर बोभाटा केला तर दृष्ट लागते, असं ओयी म्हणाल्या. गोष्ट गुप्त ठेवायची ठरली, त्यामुळे ती फक्त गल्लीलाच कळली.

मला झाडू उचलू देईनात, चहा ओतू देईनात. हे सगळं सहन झालं असतं. पण मग त्या रात्रीच्या जेवणावर ओयी म्हणाल्या, की आता काम्चिकचा घाट ओलांडायचा नाही. पोटुशी बाई घाटातून नेत नाहीत. बाळंतपण होऊ दे, बाळाचे चाळीस दिवस होऊ देत, मग बघू.

इथे मी घास ताटात परत ठेवला. लग्नानंतर मुलगी आपल्या मनाने माहेरी जाऊ शकत नाही. माहेरून पहिलं बोलावणं येतं, सासरचे सगळे तिला घेऊन जातात, पुलाव होतो, भेटी दिल्या-घेतल्या जातात, आणि मगच तिला तो उंबरा मोकळा होतो. आमचं बोलावणं येत्या रविवारचं होतं. बाबांनी मेंढी बघून ठेवली होती. रोज फोन करून ते दोनच गोष्टी विचारायचे, रविवारचं नक्की ना, आणि मॅट्स नीट बसल्या ना. त्या मॅट्स त्यांनीच दिल्या होत्या, जावयाच्या गाडीला लग्नाची भेट म्हणून. माप मागवून, दुकानात रात्रभर बसून, स्वतःच्या हाताने कापलेल्या. मी म्हणायचे, हो बाबा, छान बसल्यात.

आता त्यांना काय सांगणार होते? पुढच्या वसंतात येऊ म्हणून?

माझी अवस्था अशी होती. प्लास्टिक काढायचं तर नातू हवा. नातू आहे म्हणावं तर घाट बंद. नातू नाही म्हणावं तर प्लास्टिक कायम, प्लास्टिक कायम तर वास कायम, वास कायम तर उलटी, आणि उलटी झाली की पुन्हा नातू.

सुटका झाली ती निसर्गनियमाने. गुरुवारी सकाळी मला ओयींच्या कानात जे सांगावं लागलं, त्यावरून नातवाचा प्रश्न तूर्तास मिटला. ओयींनी मला जवळ घेतलं, विणायला घेतलेलं इवलंसं टोपडं सुईसकट पिशवीत ठेवलं आणि बराच वेळ भांडी घासत बसल्या. घासलेलीच. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि रविवारचा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. पण त्यांच्या मनात लगेच नवी भीती शिरली. बाळ नाही, गॅस नाही, मग पोरीला झालंय तरी काय?

"दृष्ट," त्यांनीच उत्तर दिलं. "नवी गाडी, नवी सून. एकाच दारात दोन नव्या गोष्टी. लोकांच्या पोटात दुखणारच."

शुक्रवारी त्यांनी दृष्ट उतरवायच्या इसिरिक नावाच्या झुडपाच्या वाळक्या काड्या तव्यावर पेटवल्या आणि गाडीच्या सगळ्या खिडक्या बंद करून आत धूर कोंडला. एक निखारा उडाला आणि ओतांच्या पुढच्या सीटच्या प्लास्टिकला बोटभर भोक पडलं. ओता बाहेर आले, भोकाकडे पाहिलं, आत गेले, आणि चिकटपट्टी घेऊन परत आले. भोकावर ती दोनदा लावली. धुराच्या आत जुना वास होताच. आता तो जरा धार्मिक झाला होता, इतकंच.

शेवटी ओयींनी तडजोड केली. रविवारी निघू. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत सुनेला काही झालं नाही तर पुढे जाऊ. उलटी झाली, तर तिथून गाडी परत फिरवायची आणि सरळ दवाखाना.

म्हणजे माझं माहेर आता माझ्या पोटावर अवलंबून होतं. शनिवारी मी काही खाल्लं नाही.

रविवारी पहाटे मी नेहमीसारखी अंगण झाडायला उठले. सुनेने उजाडायच्या आत अंगण आणि दारापुढचा रस्ता झाडलेला असावा लागतो. (किती झाडलंय यापेक्षा झाडूचा आवाज शेजारी गेला की नाही, हे महत्त्वाचं.) दारापुढे पाणी शिंपडून मी वळले आणि थबकले.

ओता शिडीवरून उतरत होते. बाहेरच्या स्वयंपाकशेडच्या छपरावरून. कमरेचा रुमाल नाकातोंडाला बांधलेला, डाकूसारखा, आणि खांद्यावर बाबांच्या चार मॅट्स. त्यांनी गाडीचं दार उघडलं, तोंड दुसरीकडे वळवलं आणि एक मॅट आत सारली.

त्या वेळी हवेत दुसरा कसलाही वास नव्हता. धूर नाही, सफरचंद नाही, प्लास्टिकही नाही. ओलसर माती आणि तो. आणि मला एकदम आमचं दुकान दिसलं. रबरी जोड्यांच्या रांगा, गोंदाचा डबा, त्यात उभा ब्रश, आणि एका चामड्याच्या तुकड्यावर बसून दोन रबरं एकमेकांवर दाबणारे बाबा. ज्या वासात मी लहानाची मोठी झाले, तो माझ्या नाकाला वास म्हणून कधी कळलाच नव्हता. माझ्या प्रसिद्ध नाकाला.

ओतांनी मला पाहिलं. मी हातात झाडू असतानाच वाकून सलाम केला. त्यांनी नाकावरचा रुमाल खाली ओढला. पकडला गेलेला माणूस इतका अपराधी दिसलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"मॅट्स चांगल्या आहेत," ते घाईने म्हणाले. "मजबूत आहेत. त्यांच्यावरून ट्रॉलीबस नेली तरी काही होणार नाही. तू रडू नकोस."

मी रडत होते खरी.

"ओता," मी म्हणाले, "मला या मॅट्सच्या वासाने मळमळतं."

इतक्या दिवसांत मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"म्हणजे तुलासुद्धा?"

"सुद्धा म्हणजे?"

"अगं, आम्हाला पहिल्या दिवसापासून. तू त्यातच वाढलीस, तुला तो लागणार नाही असं वाटलं. एल्योरचं डोकं दुखायचं. म्हणून तो एकटा जाताना, गॅरेजलासुद्धा, त्या छपरावर टाकतो. तू बसणार असलीस, की परत आत. तुला वाटू नये, की माझ्या बापाने दिलेलं यांनी फेकून दिलं."

"आणि ओयी?"

"तिला सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही." त्यांनी खांद्यावरच्या मॅट्स खाली ठेवल्या. "पण तू का नाही बोललीस?"

"तुमची पहिली गाडी, ओता. तिला वास येतो असं कसं म्हणू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हाजर-खोलांच्या घराकडे पाहिलं, स्वतःच्या सीटवरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत हे मला उशिरा कळलं.

"असली सभ्य माणसं एका घरात फार झाली तर एखादा मरायचा," ते म्हणाले आणि मॅट्स परत छपरावर टाकून आले.

"बाबा विचारतील," मी म्हणाले.

"त्यांचं मी बघतो. जन्मभर बिनतिकीट प्रवाशांना उतरवलंय आणि त्यांनीच माझे आभार मानलेत. व्याह्यांशी काय बोलायचं ते मला कळतं."

काम्चिकचा घाट इतका सुंदर आहे, हे मला त्या दिवशी समजलं. लग्नाच्या दिवशी तो मी रुमालातून पाहिला होता. एल्योर आरशातून माझ्याकडे बघून हसत होता, आणि ओयी सगळ्यांना सांगत होत्या, की बघा, इसिरिक लागू पडलं.

चुस्तला बाबा दारातच उभे होते. ओतांना छातीशी धरलं, एल्योरचं कपाळ चुंबलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात काढायच्या आत त्यांची नजर खिडकीतून गाडीच्या तळाशी गेली.

"मॅट्स कुठे आहेत?"

मी जमिनीकडे पाहू लागले. ओतांनी हात छातीवर ठेवला.

"सोबिरजान, अहो तुमच्या हातचं काम. त्यावर चिखलाचे पाय कोण ठेवेल? बैठकीच्या खोलीत अंथरल्यात. येणारा जाणारा विचारतो, हे कुणी केलंय."

बाबांचा चेहरा असा उजळला, की त्या क्षणी मला ओतांचे पाय धरावेसे वाटले. बाबांनी सगळ्यांना आत नेलं. पुलावाच्या आधी चहा ओतताना त्यांनी सहज विचारलं, की व्याह्यांची बैठकीची खोली साधारण केवढी असेल. ओतांनी सांगितलं, आणि सांगताना जरा वाढवून सांगितलं. माणूस आपली खोली सांगतो तेव्हा वाढवतोच.

त्यानंतर बाबा दिसेनात. माझी आत्या म्हणाली, दुकानात काहीतरी राहिलंय. आम्ही मेंढी खाल्ली, कलिंगडाचा मुरंबा खाल्ला, आत्याने सगळ्यांच्या अंगावर भेटीचे नवे झगे चढवले. निघायच्या वेळी बाबा आले ते दोन शेजाऱ्यांना घेऊन. तिघांच्या खांद्यावर एक गुंडाळी होती, गालिच्याएवढी. दुहेरी रबर, गोंद अजून ओला.

"चार तुकडे कशाला," बाबा ओतांना म्हणाले, "खोलीला खोलीचंच माप हवं. गाडीसाठी पण नव्या चार केल्यात. आता त्या तरी वापरा. पुढच्या महिन्यात मी येतोच, बैठकीत कशी बसलीय ते बघायला."

ओतांचा हात छातीवरच राहिला. गुंडाळी टपावर बांधू, असं एल्योरने सुचवलं. टपावर धूळ बसेल, असं बाबा म्हणाले. ती आत घेतली. ओयींच्या आणि माझ्या मांडीवर आडवी.

परतीच्या वाटेवर त्या गुंडाळीच्या वासात घाट पुन्हा दिसला नाही. अर्ध्या चढावर ओयींनी खिडकी चार बोटं खाली केली. कुणाला न विचारता. मग त्या म्हणाल्या, "एल्योर, थांब," आणि उतरल्या.

आम्ही तिघांनी उरलेल्या खिडक्या खाली केल्या. शेवटी एल्योर म्हणाला, "हाजर-खोलांना कळता कामा नये. जर्दाळू घेऊन येतील."

बैठकीची खोली ओतांनी सांगितली त्याहून बरीच लहान असल्यामुळे बाबांची मॅट तीन बाजूंनी भिंतीवर चढली आहे. बाबा येईपर्यंत ती तशीच राहणार, आणि ते येऊन गेल्यावर काढायची कशी, हे सांगण्याइतका असभ्य माणूस आमच्या घरात अजून जन्मलेला नाही. पाहुण्यांना आम्ही अंगणातच बसवतो.

मला अजूनही अधूनमधून माहेरची आठवण येते, डोळे भरतात. ओयी आता मला जवळ घेत नाहीत की काही विचारत नाहीत. त्या फक्त उठतात आणि बैठकीच्या खोलीचं दार थोडं उघडं करून ठेवतात. दोन मिनिटांत आठवण जाते.